होल्ड टॅग: पडलेल्या सायकलच्या तपासणीच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार, दुपार

हडपसर, दिवे घाट, सासवड, बोपदेव, कोंढवा असा नेहमीचा फेरा होता. सासवडला मिसळ खाऊन निघालो आणि बोपदेव उतरताना सव्वानऊच्या सुमारास एका उजव्या वळणावर पडलो.

मागून टेम्पो येत होता म्हणून डावी कड धरली. वळणाच्या बाहेरच्या कडेला टायरांनी लोटलेली बारीक खडी साचते, हे माहीत असूनही धरली. सायकल उजवीकडे कललेली, पुढचं चाक खडीवरून डावीकडे सटकलं आणि मी उजव्या कुशीवर. सायकल गिअरच्या बाजूवर घसरत कडेच्या दगडाला लागली. कंप्युटरवर शेवटचा वेग २३ दिसतो. टेम्पोवाला थांबला, पाणी दिलं, "हाड शाबूत आहे ना?" विचारलं, मी हो म्हटल्यावर गेला.

गुडघा आणि कोपर खरवडलं. तळहात हातमोज्यांनी वाचवले. डोकं आपटलं नाही.

जागेवर जे बघितलं ते विसरायच्या आत लिहून ठेवतो. हँडल चाकाशी तिरकं झालं होतं. चाक गुडघ्यांत धरून फिरवलं, सरळ झालं. उजवा हूड, म्हणजे ब्रेक-गिअरच्या लिव्हरची रबरी मूठ, आत वळलेला दिसत होता. तोही बाहेर ढकलून बघितला, पण जागचा हलला नाही. म्हटलं घट्ट आहे, बरंच आहे. पुढचा ब्रेक माझा उजव्या हाताला. तो दाबून सायकल जोरात पुढे ढकलली, चाक जागेवर धरलं गेलं. मागचं चाक एका ठिकाणी ब्रेकच्या रबराला घासत होतं, म्हणून ब्रेकची छोटी लिव्हर उघडी केली.

शेवटी सायकलच्या मागे उकिडवा बसून डीरेलर, म्हणजे साखळी एका दातेरीवरून दुसरीवर नेणारा भाग, बघितला. पिंजरा आत, चाकाकडे झुकलेला. म्हणजे तो ज्या पट्टीवर लटकतो तो हँगर वाकला. अशा वेळी सर्वांत मोठ्या दातेरीवर गिअर टाकायचा नाही, ही एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. डीरेलरनं चाकाच्या तारांमध्ये जाऊ नये म्हणून जो लिमिट स्क्रू असतो तो हँगर सरळ असताना लावलेला असतो. हँगर आत झुकला की स्क्रू तिथेच राहतो आणि पिंजरा तारांत जातो. चढावर, सगळा जोर पायात असताना चाक एकदम जाम होतं, डीरेलर उपटून निघतो आणि नशीब खोटं असेल तर फ्रेमचा कान, म्हणजे मागचं चाक जिथे बसतं ते टोक, तोही घेऊन जातो. मी मधल्या गिअरवर ठेवली ती घरी येईपर्यंत बदलली नाही. पुढे बराचसा उतारच होता.

५ जानेवारी, रात्र

भोसरीच्या कारखान्यात मी क्वालिटीत आहे. संशय असलेल्या मालाला पिवळा होल्ड टॅग लावायची सवय. बॅगेत दोन-तीन पडलेले असतातच, त्यातला एक सायकलच्या सीटला बांधला. मुलाला गंमत वाटली.

पहिली पाहणी, पुसून, बॅटरीच्या उजेडात: फ्रेम ओके. फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाय) ओके. हेल्मेट ओके. हँडल ओके, फक्त टेप फाटली. उजवं पेडल खरचटलंय, ओके. सीटची उजवी कड फाटली, ओके. मागचं चाक रिवर्क, म्हणजे दुरुस्त करायचं. हँगर रिवर्क.

(९ तारखेला मागे येऊन लिहितोय: आठ पार्ट, अर्धा तास, सहा ओके. कंपनीत कुणी एवढ्या वेगानं माल पास केला असता तर मी त्याला रिपोर्ट परत लिहायला लावला असता.)

६ जानेवारी, सोमवार

गुडघा सुजला. बसनं कामावर गेलो. सायकलला हात लावला नाही.

७ जानेवारी, मंगळवार

हँगर. डीरेलर ज्या छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर लटकतो ती पट्टी मुद्दाम नरम केलेली असते. फ्रेम वाकण्याऐवजी तिनं वाकावं, हेच तिचं काम. म्हणजे ती वाकली याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. किती वाकली एवढंच बघायचं.

त्यासाठी जे खास हत्यार मिळतं ते माझ्याकडे नाही. पण हँगरचा आटा एम १० बाय १ असतो, आणि क्विक रिलीजवाल्या मागच्या चाकाच्या पोकळ धुरीचाही बहुतेक वेळा तोच. तेव्हा माळ्यावरचं जुनं चाक काढलं, त्याचा दांडा उपसला, डीरेलर सोडवून बाजूला टांगला आणि त्या चाकाची डावी बाजू हँगरमध्ये पिळली. आता सायकलला मागे दोन चाकं, एकाला लागून एक. हँगर सरळ असेल तर दोन्ही रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे सारखंच यायला हवं.

एक काळजी घ्यावी लागते. दोन्ही चाकं थोडीफार वाकडी असणारच, म्हणून मोजताना दोन्हींचे व्हॉल्व्ह समोरासमोर आणायचे आणि दर वेळी व्हॉल्व्हजवळच मोजायचं. नाहीतर रिमचा दोष हँगरच्या माथी जातो.

वर १५२ मिमी, खाली १२८. पुढे-मागे १४० आणि १४१.

म्हणजे पुढे-मागे पीळ नाही, फक्त खालची बाजू आत गेली. ६३० मिलिमीटरच्या व्यासावर २४चा फरक, म्हणजे दोन अंशांहून थोडं जास्त. ऐकायला काहीच वाटत नाही. पण वरचं गाइड चाक हँगरच्या बोल्टखाली अदमासे ५५ मिलिमीटरवर असतं, तिथे हाच कोन दोन मिलिमीटर होतो. नऊ गिअरच्या कॅसेटवर एका दातेरीपासून दुसरी ४.३५ मिलिमीटरवर. म्हणजे जवळजवळ अर्धी पायरी घसरली. केबल कितीही ताणा, गिअर बसणार नाही. केबल सगळ्या पायऱ्या एकत्र सरकवते, पण कोन काही तिला सरळ करता येत नाही.

लावलेल्या चाकाचाच तरफ म्हणून उपयोग करून सावकाश बाहेर ओढलं. थोडं ओढायचं, सोडायचं, मोजायचं. धातू सोडल्यावर थोडा परत येतो, ते धरून चालावं लागतं. पाचव्या खेपेला वर १४२, खाली १३९. तीन मिलिमीटरवर थांबलो. चारपर्यंत चालतं, आणि शून्याच्या नादात पुढेमागे करत बसलं तर हीच पट्टी तुटते.

नोंद: हँगर एकदा सरळ केला, दुसऱ्यांदा करायचा नाही. नवा मागवायचा. तोवर टॅग पिवळाच.

८ जानेवारी, बुधवार

दुकानातून उत्तर आलं: या मॉडेलचा हँगर नाही, मागवला तर महिना-दीड महिना. हँगरचे आकार शेकड्यांनी आहेत. बोल्ट इकडचा तिकडे, कड एक मिलिमीटर जाड, की बसत नाही. पडण्याआधीच एक जादा घेऊन पिशवीत टाकायचा असतो, हे मी दुसऱ्यांना किती वेळा सांगितलंय.

मागचं चाक. चाक सरळ करायचा ट्रूइंग स्टँड नाही, म्हणून सीटकडे जाणाऱ्या मागच्या दोन्ही नळ्यांना केबल टाय बांधून त्यांची टोकं रिमपर्यंत आणली. चाक एका जागी उजवीकडे १.४ मिमी आउट. त्या भागातल्या तारा सतारीसारख्या छेडून बघितल्या. डावीकडच्या दोन मंद बोलल्या. रिम डावीकडे आणायची म्हणजे डावीकडच्या तारा ताणायच्या आणि त्या दोघींच्या मधली उजवीकडची किंचित सैल करायची. पाव फेरा, पाव फेरा. चाळीस मिनिटांत ०.४. रिम ब्रेकला एवढं पुरे. तार तुटलेली नाही, निपल गोल झालेलं नाही, सांध्याला रिम उमललेली नाही.

पुढचं चाक फोर्कमध्ये मधोमध दिसेना. डावीकडे १९.५, उजवीकडे २१. पोटात गोळा आला. फोर्क वाकला की संपलंच. मग चाक काढून उलटं, म्हणजे डावी बाजू उजवीकडे करून बसवलं. आता डावीकडे २१, उजवीकडे १९.५. आकडे चाकाबरोबर फिरले म्हणजे दोष चाकात. ते जागेवरच राहिले असते तर फोर्कमध्ये. रिम हबच्या मध्यापासून पाऊण मिलिमीटर सरकलेली आहे, आणि ती बहुधा घेतल्यापासूनच तशी असणार. मी आजवर मोजलंच नव्हतं.

फोर्कचे पाय कार्बनचे, वरचा दांडा अ‍ॅल्युमिनियमचा. कार्बन बाहेरून धड आणि आतून थर सुटलेला असू शकतो. रुपयाच्या नाण्यानं दोन्ही पाय वरपासून खालपर्यंत वाजवले, डावा आणि उजवा एकाच उंचीवर, आळीपाळीनं. चांगला थर टणक वाजतो, सुटलेला भद्द. कुठेही फरक ऐकू आला नाही. ही चाचणी पोरखेळ नाही, पण पक्का दाखलाही नाही. थर जाड-पातळ होतो तिथे आवाज तसाही बदलतो. पडताना फोर्कवर थेट काही आदळलं नव्हतं आणि रंगाला चरासुद्धा नाही, या दोन गोष्टींचं वजन मी नाण्यापेक्षा जास्त धरतो. दांडा उपसून मुळाशी बघितलं, स्वच्छ. फोर्क ओके, या वेळी बघून.

९ जानेवारी, गुरुवार

आज सकाळी बायको हेल्मेट हातात घेऊन उभी. "अरे, डोकं आपटलं नाही म्हणालास ना?"

"नाही आपटलं."

"मग कानामागे माती कुठून आली?"

उजवीकडे, मागच्या बाजूला, तांबूस मातीचा पुसट ओरखडा. बाहेरच्या कवचाला तडा नाही, पोचा नाही. रविवारी मी वरून फडकं फिरवून ओके लिहिलं होतं. आता आतले पॅड ओढून काढले. मागच्या पॅडखाली थर्मोकोलसारख्या फेसात चार सेंटीमीटर लांब, केसाएवढी भेग. तिच्या कडेला अंगठा दाबला तर तो भाग दुसऱ्या बाजूपेक्षा कडक लागला. दाणे चेपले गेलेत.

हेल्मेटचं काम तेच आहे. आतला फेस चेपतो आणि डोक्याला बसणारा दणका खातो. एकदा चेपला की परत फुगत नाही. बाहेरचं प्लॅस्टिक मात्र दबून पूर्ववत होतं आणि काही झालंच नाही असं दाखवतं.

मला आपटल्याचं अजूनही आठवत नाही, आणि याचीच जास्त भीती वाटली. संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. उलटी, चक्कर, दुहेरी दिसणं, डुलकी, सगळं विचारलं, डोळ्यांत बॅटरी मारली. ठीक आहे म्हणाले, आणि वर "चार दिवसांनी येतात का?" हेही. पडल्यावर आधी माणूस तपासायचा, मग सायकल. मी उलटं केलं.

हेल्मेट: रिजेक्ट. पट्टे कापून टाकले, कुणी उचलून वापरू नये म्हणून. रविवारची यादी आता सगळी रद्द, सगळं परत बघायचं.

११ जानेवारी, शनिवार

फ्रेम पुन्हा. पडताना हँडल गर्रकन फिरतं आणि त्याची कड वरच्या नळीवर आपटते, हे मी विसरलोच होतो. तिथे रंगाची टिकली उडालेली सापडली. पोचा आहे का हे बोटाला कळेना, म्हणून घरातली ट्यूबलाइट नळीवर दिसेल अशी सायकल धरली आणि हळूहळू कलती केली. प्रतिबिंबाची पांढरी रेघ पोच्यावर वाकते. ती टिकलीवरून सरळ सरकली. पोचा नाही. हँडलमागच्या खालच्या नळीची खालची बाजू पाठीवर झोपून बघितली, समोरून दणका बसला तर रंगाला तिथे सुरकुत्या पडतात. एकही नाही.

मग दोरी. मागच्या एका कानातून निघून हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या कानात बांधलेली, ताणून. सीटच्या नळीपासून दोरी डावीकडे ४१, उजवीकडे ४१.५. मागचा त्रिकोण सरळ. बायकोचा विणकामाचा दोरा होता, परत केला.

आता हँडल. रविवारी "ओके, फक्त टेप" लिहिलं होतं. फाटलेली टेप उलगडली, रबर मागे दुमडलं, आणि तिथेच बसून राहिलो.

गिअर-ब्रेकचा तो सगळा लिव्हर एका पट्ट्यानं हँडलला आवळलेला असतो. पट्टा फार आवळायचा नसतो, जेणेकरून पडताना लिव्हर हँडलवर फिरावा आणि दोघंही वाचावेत. मागच्या पावसाळ्यात तो सारखा घसरतो म्हणून मी हातात होता नव्हता तेवढा जोर लावून आवळला होता आणि मार्करनं खूण केली होती. आज बघतो तर पट्टा खुणेवर तंतोतंत. लिव्हर केसभरही फिरलेला नाही.

मग तो आत वळलेला का दिसतो? घाटात मी तो ढकलून बघितला, हलला नाही, आणि "घट्ट आहे, बरंच आहे" म्हणालो. फिरलेला असता तर हलला असता. वाकलं होतं ते हँडल.

१३ जानेवारी, सोमवार, भोगी

परवानगी घेऊन जेवणाच्या सुट्टीत हँडल कंपनीत तपासलं. डब्यात बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी होती, ती जोडीदाराला देऊन त्याचा वेळ विकत घेतला. तोही क्वालिटीतच, माझ्याहून बारा वर्षांनी जुना.

मधला जाड भाग व्ही-ब्लॉकमध्ये, सरफेस प्लेटवर. हाइट गेजनं दोन्ही टोकं मोजली. फरक ५ मिलिमीटर.

मी लगेच म्हणालो की कारखान्यातूनच असं आलं असेल, पडण्याआधीचं माप कुठे आहे आपल्याकडे? इतक्या वर्षांत हे वाक्य मी किती सप्लायरांच्या तोंडून ऐकलंय. जोडीदारानं भाकरी मोडता मोडता विचारलं, "ड्रॉइंग आहे?"

"नाही."

"मग डावी बाजू हेच ड्रॉइंग. जे करायचंय ते दोन्हीकडे कर आणि ताडून बघ."

म्हणून डीपी टेस्ट, म्हणजे भेगेत रंग मुरवून ती शोधायची चाचणी, दोन्ही बाजूंची. हँडल काळं अ‍ॅनोडाइझ केलेलं. क्लीनरनं पुसलं, लाल रंग फवारला, पंधरा मिनिटं मुरू दिला. मग जास्तीचा रंग क्लीनर लावलेल्या कापडानं पुसला. क्लीनर थेट पार्टवर मारायचा नसतो, तो भेगेतला रंगही धुऊन नेतो. नंतर पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर, आणि वाट.

डावी बाजू पांढरीच राहिली. उजवीकडे, लिव्हरच्या पट्ट्यामागे, नळीच्या एका अंगाला दहा-बारा बारीक लाल रेघा उमटल्या. आडव्या, एकमेकींना समांतर, कंगव्याच्या दातांसारख्या.

त्या रेघा धातूत आहेत की वरच्या थरात? ४०० नंबरच्या कागदानं तेवढाच भाग घासून पुन्हा टेस्ट केली. स्वच्छ. मला हायसं वाटलं, पण ते दोन कारणांनी चुकीचं होतं. पहिलं, घासताना अ‍ॅल्युमिनियम लिंपल्यासारखं पसरतं आणि बारीक भेग बुजवतं, तेव्हा घासल्यानंतरच्या टेस्टवर विसंबायचं नसतं. हे मीच ट्रेनिंगमध्ये शिकवतो. दुसरं म्हणजे, समजा धातूत भेग खरंच नाही. तरी वरचा ऑक्साइडचा थर काचेसारखा असतो, त्याला लवता येत नाही. खालचा धातू ताणला गेला म्हणूनच तो तडकला. डावीकडे तडकला नाही, उजवीकडे तडकला. म्हणजे ते पाच मिलिमीटर कारखान्यातले नाहीत, बोपदेवचे आहेत.

आणि अ‍ॅल्युमिनियमला थकण्याची खालची मर्यादा नसते. लोखंडावर ताण एका हद्दीखाली ठेवला तर ते कितीही फेऱ्या काढतं. अ‍ॅल्युमिनियम प्रत्येक खड्ड्याचा हिशोब लिहून ठेवतं. एकदा वाकून बसलेल्या नळीत तो हिशोब आधीच भरत आलेला. हँडल तुटतं तेव्हा आधी सांगत नाही, आणि तुटतं ते सगळा भार हातांवर असताना, म्हणजे उतारावर ब्रेक लावताना.

तरीही मी म्हणालो, "डेव्हिएशनवर, म्हणजे दोषासकट सूट देऊन, पास करू का? या महिन्याच्या शेवटी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, ती ठरल्या वेळेत पुरी करायची लांब सायकलफेरी, करायचं मनात आहे." जोडीदार काही बोलला नाही. रिजेक्टचा लाल टॅग काढून माझ्यासमोर ठेवला, नाव मीच लिहावं म्हणून.

रिजेक्ट माल आमच्याकडे अख्खा स्क्रॅपमध्ये जात नाही, परत येऊ शकतो. बँडसॉवर दोन तुकडे केले.

जाता जाता: उजव्या पेडलची धुरी व्ही-ब्लॉकवर फिरवली, डायलवर ०.०५. ओके. शिफ्टर घरीच बघितला होता: वर आठ टकटक, खाली आठ, सगळ्या स्वच्छ. लिव्हरच्या टोकाला रस्त्यानं घासून चकाकी आलीय, ती तशीच राहील.

१५ जानेवारी, बुधवार

दुकानाचा हँगर येईपर्यंत थांबवेना. जुना काढून स्कॅन केला, कॅलिपरनं जाड्या आणि भोकं मोजली, ड्रॉइंग काढलं. ६०६१ची पट्टी टूलरूमच्या भंगारात होती. तिथल्या काकांनी सुट्टीनंतर व्हीएमसी मिलिंग मशीनवर दोन तुकडे काढून दिले. पोलादाचा काढू का, कायमचा टिकेल, असं त्यांनी विचारलं. नको म्हटलं. मग पुढच्या वेळी फ्रेम वाकेल.

टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, मी मारला. एम १०चा फाइन टॅप मागितला, कपाटातून जो आला तो मारला, डीरेलरचा बोल्ट दीड फेऱ्यात अडकला. टॅपवर बघितलं: १० बाय १.२५. गाड्यांच्या कामात फाइन म्हणजे हाच, त्यामुळे देणाऱ्याचं काही चुकलं नाही. मी न वाचता मारला. एक तुकडा गेला. काका म्हणाले, "आज किंक्रांत आहे, उद्या करायचं होतंस." दुसरा तुकडा १ पिचच्या टॅपनं, आधी वाचून, मग पुन्हा वाचून.

१८ जानेवारी, शनिवार

जोडणी. नवा हँगर जुन्या चाकानं तपासला: १४१, १४०, १४०, १४०. दुकानातून आणलेल्या कुठल्याच हँगरला मी एवढं सरळ बघितलेलं नाही, पण माझ्या हातचा म्हणून हे वाटतंय की काय, कुणास ठाऊक. चाक फिरवून, डोळे मिटून, परत मोजलं. तेच आकडे.

नवं हँडल बसवण्याआधी कंपनीत व्ही-ब्लॉकवर ठेवून आणलं होतं. कोऱ्या हँडलच्या दोन टोकांत ०.८ मिलिमीटर. म्हणजे "कारखान्यातूनच पाच मिलिमीटर" ही थाप मी कुणाला मारत होतो ते कळलं. स्टेमचे चार बोल्ट फुलीत, टप्प्याटप्प्यानं, ५ न्यूटन मीटरवर, वरची-खालची फट सारखी ठेवून. लिव्हरचे पट्टे या वेळी एवढेच आवळले की हातानं पूर्ण जोर लावला तर फिरावेत. फिरवून बघितले. फिरतात.

गिअर: लिमिट स्क्रू दोन्ही पहिल्यापासून लावले, जुन्या जागेवर विश्वास ठेवला नाही. मोठ्या दातेरीवर टाकून पिंजरा हातानं तारांकडे ढकलून बघितला, लागत नाही. नवं हेल्मेट. नवी टेप, काळी. मुलाला लाल हवी होती.

सीटची फाटलेली कड शिवली नाही. ते माझ्या लेखी नुकसानच नाही. आठ पार्टांत सगळ्यांत वाईट तीच दिसत होती.

१९ जानेवारी, रविवार

आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा फेऱ्या. जोरात ब्रेक, उभं राहून पेडल, हँडल दोन्ही हातांनी ओढून. मग रिकामा रस्ता, मग कात्रजपर्यंत. प्रत्येक गिअर. कुठेही कुरकुर नाही. फक्त चढावर उभा राहिलो की एक टिक ऐकू यायची. उतरून सगळं हलवून बघितलं. पाण्याच्या बाटलीचा स्क्रू.

परत येताना बोपदेवच्या पायथ्यापर्यंत गेलो. वर चढून ते वळण चालत ओलांडलं. खडी आहे तिथेच आहे, थोडी जास्तच. माझ्या घसरण्याचा पट्टा अजून दिसतो, एक हात लांब.

२० जानेवारी, सोमवार

पिवळा टॅग काढायचा तर रिपोर्ट हवा. एका कागदावर सगळी मापं लिहिली: हँगरची चार, दोन्ही चाकांचा आउट, फोर्कमधल्या फटी, दोरीचे आकडे, हँडलच्या टोकांतला फरक, लिव्हरच्या खुणा. पुढच्या वेळी पडलो तर आधीचं माप नाही म्हणायची सोय राहू नये. कागद सायकलच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

खाली दोन चौकोन असतात, तपासणारा आणि मंजुरी. पहिल्यात सही केली आणि सवयीनं दुसऱ्यातही पेन टेकवलं. मग थांबलो, कागद बायकोकडे नेला. तिनं वरून खालपर्यंत वाचला. हेल्मेटच्या ओळीवर थांबली.

"पॅड काढून बघितलेस?"

"नवीन आहे ते. परवा आणलंय."

तिनं पेन खाली ठेवलं. मी पॅड काढून दाखवले, एकेक. मग सही झाली.

ब्रेव्हे पुढच्या महिन्यावर ढकलली. गुडघा अजून पूर्ण वाकत नाही, त्याला टॅग कुठला लावायचा ते ठरलेलं नाही.